वरची मूठ

मासे विकणारीचं तोंड वाईट असते म्हणतात. असते. माहं तर आहेच, पोंभुर्ण्याच्या बाजारात कोणालेही इचारा. मी प्रेमिला. मासोळीच्या ओळीत बसतो, विकतो, भांडतो. बाईमाणूस असून 'बसतो' काऊन म्हणते म्हणून हसू नका, आमच्या झाडीपट्टीत बाया असंच बोलतात. या बोलण्यापायी साधनाले चंद्रपूरच्या मोठ्या दुकानात काय ऐकावं लागलं ते पुढं येईनच. पण आधी तिच्या मायचं सांगतो. धुरपताचं. दुसरं कोणी सांगणार नाई म्हणून सांगतो. पेपरात तिचं आलं होतं, दोन ओळी, अन् त्यातही नाव चुकलं होतं.

धुरपता अन् मी एका गावच्या, एका जातीच्या, ढिवराच्या. बाजारात ती माह्या डाव्या हाताले बसे. बोलणाऱ्याचा कोंडा विकते अन् न बोलणाऱ्याचे गहू पडून राह्यतात म्हणतात ना, धुरपतानं ती म्हण खोटी पाडली. दिवसभरात तोंडातून चार शब्द निघत नसत, अन् टोपलं मात्र माह्या आधी खाली. मी ओरडून ओरडून घसा बसवू, 'या बाई, या भाऊ, ताजी मासोळी,' अन् गिऱ्हाईक माह्यापुढून सरळ चालत जाऊन तिच्यापुढं उकिडवं बसे. जळजळ होये मले. खोटं काऊन बोलू?

त्याचं कारण होतं तिची मूठ. आमच्या बाजाराची एक रीत हाय. तराजू बराबर झाला का मासोळी गिऱ्हाइकाच्या पिशवीत जाते, पण गिऱ्हाईक पिशवी बंद करत नाई. दोन हातानं तिचं तोंड उघडं धरून उभं राह्यते. बोलत काहीच नाई. मंग आपण टोपल्यातून मूठभर झिंगे, नाई तर एखादी बारकी मासोळी वरून टाकतो. हे वरचं. वरचं पडलं म्हणजे सौदा झाला. नाई पडलं तर तो माणूस पुढच्या बाजारी तुमच्यासमोरून मान वळवून जाते. मीही टाकतो वरचं, पण तोंड वाकडं करून, दोन बोटाच्या चिमटीनं. धुरपता मूठ भरून टाके. संगं लेकरू असलं तर मूठ अजून मोठी. मी म्हणो, "बाई, तू मासे विकते का भंडारा घालते?" ती म्हणे, "सासूनं शिकवलं वो. तराजू सरकारचा, मूठ आपली."

तिचा नवरा मनसाराम काविळीनं गेला, तेव्हा साधना शाळेत होती. मंग जाळं धुरपतानंच हातात घेतलं. आमच्या गावचा तलाव मोठा. एका अंगाले धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाले जंगल, अन् मासोळी जंगलाच्याच अंगाले जास्त. झुंजुमुंजू झालं का आमी बाया जमून जावो, कमरभर पाण्यात उभ्या राहो, झिंगे काढो, मंग ओल्या लुगड्यानं बाजाराची गाडी धरो. असंच चालत आलं.

अन् गेल्या वर्षापासून तिकडं तो येऊ लागला. सकाळी तलावावर जाताना आमी त्याचं नाव घेत नाई, 'तो' म्हणतो. पयले बकऱ्या नेल्या. मंग कोणाची गाय. मंग लहानू, आमच्याच आळीतला, तलावाच्या पाळीवर बसून जाळ्याची गाठ सोडवत होता, त्याले नेलं. जंगलवाले आले, सांगून गेले का अंधारात जाऊ नका, एकटं जाऊ नका, वाकून काम करू नका. आता झिंगे उभ्यानं कसे काढाचे ते कोणी सांगितलं नाई. तवापासून आमी बाया मिळूनच जावो. भांडी-गंज वाजवत, मोठ्यानं बोलत. माह्या तोंडाचा गावाले उपयोग झाला तो तेवढाच.

लहानूले साधनानं पाह्यलं होतं. म्हणजे जे काही राह्यलं होतं ते. त्या दिवसापासून पोट्टीनं एकच धरलं, मायले पाण्यातून काढाचं. बारावी झाली होती, अंगानं बारीक, पण हट्टाले लोखंड. चंद्रपूरले नोकरी करीन, खोली करीन, आईले घेऊन जाईन, या तलावाचं तोंड पाहू देणार नाई. उठता-बसता तेच. धुरपता हसे, "खोलीत बसून मी करू काय? भिंतीले माशा मारू?" हसे, पण बाजारात सगळ्यायले सांगत फिरे. न बोलणारी बाई बोलाले लागली! 'माही पोट्टी काचेच्या दुकानात जाते आता.' अजून बोलावणं नाई, काही नाई, अन् हिचं सांगणं सुरू. मी म्हटलं, "बाई, बाजारात तुरी अन् तू वरण वाढून राह्यली." तिले पटे थोडंच.

पण बोलावणं आलं. चंद्रपूरले ते तीन मजली दुकान हाय ना, जिथी डाळीपासून पलंगापर्यंत सारं एकाच छताखाली मिळते, तिथून साधनाच्या मोबाईलवर आलं. मुलाखतीले या. एक जागा हाय.

आमी तिघी गेलो. धुरपता म्हणे, तू चाल वो संगं, मले शहरात भेव लागते. आदल्या दिवशी तिनं राखेनं हात घासले, मंग लिंबानं घासले, मंग हुंगून पाह्यले, मंग परत घासले. माह्याही नाकाशी आणले, "वास येते का पाह्य." मी म्हटलं, येते. काय खोटं बोलू? जन्माचा वास लिंबानं जाते का कुठी. बिचारीनं पुरा रस्ताभर हात पदरात गुंडाळून ठेवले.

साधना वर गेली, आमी बाहेर पायऱ्यावर. आतलं मले तिनं मागून सांगितलं. चार पोट्ट्या होत्या. एक मॅडम अन् एक सुरेंद्र सर, तो त्या मजल्याचा मुख्य. मॅडमनं इचारलं, स्वतःबद्दल सांगा. साधना म्हणाली, "मी बारावी झाली हाय, आईसंगं मासे विकतो." बाकीच्या पोट्ट्या हसल्या. मॅडम म्हणाली, "विकतो नाही, विकते म्हणायचं. इथं मोठमोठी माणसं येतात." साधना म्हणाली, "विकते." मंग सुरेंद्र सरनं इचारलं, गिऱ्हाईक अंगावर आलं तर काय करशील? ही म्हणते, "सर, आमच्या बाजूले एक मावशी बसते, तिच्या अंगावर रोज दोन-तीन तरी येतात. त्यायले समजावून मीच पाठवते." आता ही मावशी कोण, सांगाले पायजे का? पोट्टी माह्या जिवावर मुलाखत देऊन आली! पण सुरेंद्र सर हसला म्हणे, अन् त्यानं काहीतरी लिहून घेतलं.

दोघींले घरी पाठवलं. राह्यल्या दोन, साधना अन् चंद्रपूरचीच एक दिव्यानी. त्यायले सांगितलं, संध्याकाळपर्यंत काउंटरवर उभ्या राहा, आमी पाहतो, दोघीतली एक घेतो. दिव्यानीले साबण-पावडरीकडं उभं केलं अन् साधनाले सुट्या मालाच्या काउंटरवर. डाळ, चणे, पोहे, साखर. फावड्यानं काढाचं, पिशवीत टाकाचं, काट्यावर ठेवाचं, मशीनमधून भावाची चिठ्ठी निघते ती चिकटवाची. सुरेंद्र सरनं तिले एकच गोष्ट दोनदा सांगितली. चिठ्ठी निघाली का पिशवीत दाणाही जाणार नाही. वर कॅमेरा आहे. साधना म्हणाली, समजलं सर.

दुपारी ती पाच मिनिटं पाणी प्याले बाहेर आली. अंगात लाल एप्रन, केस बांधलेले, ओळखूच येईना. "आई, सर म्हणाले का चांगलं करून राह्यली." एवढं सांगून पळाली. धुरपता माह्याकडं पाहत राह्यली. म्हणाली, "लागते वो नोकरी. लागते." मंग म्हणाली, "पुढच्या पावसात मी पाण्यात नसन." तिच्या तोंडून तसं मी पयल्यांदाच ऐकलं. इतके दिवस भिंतीले माशा मारू म्हणणारी बाई, अन् भेव तिलेही होतंच. पोटात ठेवलं होतं.

सोबत आणलेला भात अन् झिंग्याची चटणी आमी तिथीच खाल्ली. चौकीदार येऊन म्हणाला, इथं वास करू नका. मी त्याले दोन शब्द ऐकवले, धुरपतानं माहा हात दाबला. पोट्टीचा दिवस हाय म्हणे. चूप राह्यली मी. मायबाप, मी चूप राह्यली!

ऊन कलल्यावर धुरपता उठली. "मी आत जाऊन येतो."

"काऊन?"

"पोरगी पयल्यांदा काउंटरवर उभी हाय. घरच्या माणसानं तिच्या हातची वस्तू घ्यावी. चांगलं असते."

तिचं खरंच होतं. आमच्यात नवीन बाई बाजारात बसली का पयला सौदा घरचं माणूस करते, म्हणजे तिचा हात चालते. मनसारामची माय धुरपतापुढं अशीच येऊन बसली होती म्हणे, दोन मासोळ्या घ्याले. मले काही वाईट दिसलं नाई त्यात.

आत गेलो. एवढा थंडावा का अंगावर काटा. काचेच्या पेटीत बरफावर मासोळ्या झोपवल्या होत्या, डोळे पांढरे फक्क. धुरपता माह्या कानात म्हणाली, "शिळ्या हायत वो." मी म्हटलं, "चूप, आपल्याले कोणी इचारलं?" मंग साधनाचा काउंटर दिसला. आमच्यापुढं एक जाडी बाई साखर घेत होती. साधनानं चिठ्ठी चिकटवली, तर ती म्हणते, "अगं, टाक ना थोडी वरून." साधना गोड हसली. "ताई, चिठ्ठी निघाल्यावर हात नाही लावता येत. माफ करा हं." अशी बोलली, जशी पुण्यात जन्मली! मी धुरपताले कोपरानं ढोसलं, पाह्य म्हटलं, कशी पक्की झाली. धुरपताचा चेहरा काय सांगू. लग्नात नवरीच्या मायचा असते तसा झाला होता.

आता इथी काय झालं ते नीट सांगतो, कारण त्या लोकायनं ते वरून, कॅमेऱ्यातून पाह्यलं, अन् मी बाजूले उभी राहून पाह्यलं.

धुरपता पुढं झाली. परक्या गिऱ्हाइकासारखी म्हणाली, "पावभर चणे द्या, बाई." साधनाच्या डोळ्यात हसू आलं, पण तोंडावर येऊ दिलं नाई. फावड्यानं चणे काढले, पिशवीत टाकले, काट्यावर ठेवले. एक-दोन दाणे जास्त होते ते काढले. चिठ्ठी चिकटवली, पिशवी मायच्या हातात दिली. "घ्या." अन् धुरपतानं पिशवी घेतली अन् दोन हातानं तिचं तोंड उघडं धरलं.

मागितलं नाई काही. माहा देव साक्षी हाय, तोंडातून शब्द निघाला नाई. ती पोरीकडं पाहत होती, हसत होती, अन् हात आपले सवयीनं उघडले. जन्मभर तिनं दुसऱ्याच्या उघड्या पिशव्या भरल्या, तराजूच्या या बाजूले ती कधी उभी राह्यलीच नव्हती. त्या दिवशी पयल्यांदा कोणी तिच्या पिशवीत टाकणार होतं. अन् साधनाचा हात चण्यात गेला अन् मूठ भरून वर आली अन् पिशवीत पडली.

चणे पिशवीत वाजले तशी साधना पांढरी पडली. तिनं वर पाह्यलं, कॅमेऱ्याकडं. धुरपताले काहीच समजलं नव्हतं. ती पिशवीले गाठ मारून, पोरीच्या गालावरून बोटं फिरवून, पैसे द्याच्या लायनीत जाऊन उभी राह्यली. मी तिच्यामागं. मले समजलं होतं, पण माहं तोंड, जे सदा चालते, ते तवा चाललं नाई.

दारात चौकीदारानं अडवलं. सुरेंद्र सर खाली आला, मागं साधना. तो माणूस वाईट नव्हता, उगाच काऊन म्हणू. आवाज चढवला नाई त्यानं. साधनाले इचारलं, "ह्या कोण?"

साधना म्हणाली, "आई."

दुसरं काही म्हणता आलं असतं तिले. ओळखत नाई म्हणता आलं असतं. पण डोळ्यापुढं माय उभी, कसं म्हणन?

सुरेंद्र सरनं तिच्याकडं, मंग धुरपताकडं पाह्यलं. मंग म्हणाला, "साधना, अनोळखी गिऱ्हाइकाला टाकलं असतं तर मी चूक म्हटलं असतं. समजावलं असतं. त्या ताईंना तू नाही म्हणालीस, ते मी पाहिलं, खूश झालो होतो. आईला टाकलंस. याला दुकानात चूक म्हणत नाहीत."

"साहेब," धुरपता मधी आली, "मूठ तिची नाई, माही हाय. मी पिशवी उघडी धरली."

"म्हणजे तुम्ही मागितलं?"

"नाई. फक्त धरली."

आता हे त्याले कसं समजवावं? मी सांगाले गेली का आमच्या बाजारात असं असते, वरचं असते, त्याबिगर सौदा पुरा होत नाई. तो म्हणाला, "मावशी, मी इकडचाच आहे, मूल तालुक्याचा. मला ठाऊक आहे. पण हा बाजार नाही." अन् हे तो असं म्हणाला का जसं त्यालेच वाईट वाटलं. पण वाईट वाटून काय होते? वाईट तर खाटकालेही वाटत असन.

मंग त्यायनं काय केलं ऐका. पिशवीची गाठ सोडली अन् सगळ्यायसमोर परत काट्यावर ठेवली. लोक थांबून पाहू लागले. चौकीदारानं मूठभर चणे काढले, अजून थोडे काढले, काटा पावाच्याही खाली गेला. "हां, आता झालं," म्हणाला अन् गाठ मारून दिली. जास्त होते ते चोरी, अन् आता कमी भरले ते काय? ते कोणाले दिसलं नाई! मी ओरडली, कमी हाय म्हणून ओरडली, त्या पूर्ण दुकानात माहा आवाज गेला. साधना म्हणाली, "मावशी, चाल." तिनं एप्रन काढून, घडी करून चौकीदाराच्या हातात दिला.

दिव्यानी लागली. लागो बापा, तिच्या घरीही पोट असन.

बसमध्ये साधना खिडकीपाशी, मधात धुरपता, कडेले मी. बल्लारपूरचं धुराडं मागं पडलं, जंगल सुरू झालं. धुरपताच्या मांडीवर ती चण्याची पिशवी. मंग साधना खिडकीतूनच म्हणाली, "आत काऊन आली, आई? एक दिवस बाहेर बसता आलं नाई तुले?" हळूच म्हणाली, पण असं म्हणाली का मीच शहारली. धुरपतानं चण्याची पिशवी उचलून पायाशी ठेवली, जशी ती तिची नव्हतीच.

ते चणे तिनं शिजवले नाई. खुंटीले टांगून ठेवले.

अन् मंग बाजार. लोकायची जीभ तर तुमाले माहीत हाय. 'काय वो धुरपता, कधी जाते पोरगी काचेच्या दुकानात?' 'अजून इथीच दिसते वो?' काही सहज इचारत, काही मुद्दाम. मी दोघी-तिघींच्या सात पिढ्या काढल्या, पण किती तोंडावर हात ठेवू? धुरपता खाली मान घालून मासोळी मोजे. वरची मूठ तशीच टाके पण. मले राग आला एक दिवस. म्हटलं, "या मुठीनं पोट्टीचं वाटोळं झालं अन् तू अजून भरभरून टाकते?" ती म्हणाली, "लोक पिशवी उघडी धरतात वो. कसं नाई म्हणू?" मी कपाळाले हात मारला.

मंग ती सकाळची आमच्याआधी जाऊ लागली. आमी बाया जमून आवाज देवो, धुरपता वो, तर खाटेवर नुसती साधना झोपलेली. तलावावर जावो तर ही पाण्यात एकटी. मी पाण्यातच भांडली तिच्याशी. "अक्कल गहाण ठेवली का? लहानूचं विसरली?" ती वर पाहे ना. म्हणाली, "तुमच्यासंगं आली का रस्ताभर बाया इचारतात, नोकरीचं काय झालं. काय सांगू मी? मी घालवली म्हणून सांगू?" मी म्हटलं, उद्या सकारी मी तुले घराले येऊन उठवतो, थांबजो. थांबते म्हणाली. थांबली नाई. साधनाले सांगावं तर मायलेकीत धड बोलणंच उरलं नव्हतं. एक चूल, अन् दोघी दोन दिशेले तोंड करून जेवत.

त्या दिवशी आमी गंज वाजवत गेलो. पाळीवर तिच्या चपला जोडून ठेवल्या होत्या. बाजूले टोपलं, त्यावर ओलं फडकं, अन् फडक्याखाली झिंगे उड्या मारत होते, जिवंत. म्हणजे आताच. मी हाक मारली, जेवढं तोंड होतं तेवढ्या तोंडानं मारली. जंगलाच्या अंगाले बेशरमाची झुडपं मोडली होती, अन् तिच्या हिरव्या लुगड्याचा काठ तिथून आत गेलेला दिसत होता. पुढचं मी सांगत नाई. साधना आली तेव्हा बायायनं तिले धरलं, तिनं सगळ्यायले झटकून टाकलं, अन् लुगड्याचा तो काठ हातात घेऊन आईवर ओरडाले लागली. "एकटी काऊन आली? तू एकटी काऊन आली?" मरणावर रडतात तसं नाई, भांडतात तसं.

इतक्या वर्षात जिनं अर्ध्या पोंभुर्ण्याच्या पिशव्या वरून भरल्या, तिच्या मयतीले बाजारातून कोण आलं? आमी मासोळीवाल्या, बस. एकही पिशवीवाला नाई. लिहून ठेवा म्हणावं पेपरात.

तेरवी झाली. मंग एका बाजारी पाहतो तर साधना टोपलं घेऊन आली अन् माह्या डाव्या हाताले बसली. मायच्या जागी, मायचाच तराजू. मी म्हटलं, "आमच्यासंगं तलावावर येत जाजो, पोरी. एकटी नाई." मान हलवली. बस, तेवढंच. मायसारखीच अबोल झाली होती, फक्त मायच्या गप्पपणात थंडावा होता, अन् हिच्या गप्पपणाजवळ बसलं का अंग भाजे.

पयलं गिऱ्हाईक गुरुजीची बायको. चांगली बाई, धुरपताची जुनी गिऱ्हाईक. पुढं बसून च् च् केलं, "वाईट झालं गं, तुझी आई म्हणजे देवमाणूस." पावभर मासोळी मागितली. साधनानं तराजू धरला, काटा बराबर मधी आणला, मासोळी पिशवीत ओतली. अन् गुरुजीच्या बायकोनं पिशवीचं तोंड दोन हातानं उघडं धरलं.

साधनाचा हात टोपल्यात गेला. मूठ झिंग्यानं भरली, वर आली, अन् पिशवीच्या तोंडापर्यंत येऊन थांबली. गुरुजीची बायको हसून वाट पाहत होती, बोलली काहीच नाई, कोणीच बोलत नसते.

"वरचं देऊन झालं, बाई," साधना म्हणाली. "पिशवी बंद करा."

"कधी दिलं गं?" बाईले समजेना. तिनं पिशवीत वाकून पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं. मंग गाठ मारली अन् उठली. "आई नव्हती हो अशी," एवढं जाता जाता बोललीच. साधनाची मूठ तशीच हवेत. मी सरकून तिचा हात धरला, एक एक बोट सोडवलं. आतले झिंगे चेंगरून गेले होते. ते मी पुसले, तिचा हात माह्या पदरानं पुसला, अन् मले रडू आवरेना, भर बाजारात, ओळीतल्या सगळ्या बाया पाहत असताना मी ओक्साबोक्शी रडली. ती रडली नाई. तिनं तराजू उचलला, कारण समोर दुसरं गिऱ्हाईक येऊन बसलं होतं. पोंभुर्ण्याचाच कोणी भाऊ, कडेवर लेकरू. त्याले तोलून दिलं, अन् त्यानंही पिशवी उघडी धरली.